गिरगावच्या चावीवाल्याची घरपोच सेवा : जुन्या पेटाऱ्याचे बिघडलेले कुलूप न तोडता उघडून घेताना

जुन्या लाकडी पेटाऱ्याचे कुलूप बिघडले की मुंबईत बहुतेक जण सुताराला बोलावतात आणि सुतार पटाशी घेऊन कुलपाभोवतीचे लाकूड कोरायला बसतो. आमच्या सासरच्या सागवानी पेटाऱ्यावर ही वेळ आली नाही, याचे श्रेय गिरगावात पदपथावर टेबल मांडून बसणाऱ्या एका चावीवाल्याला आहे. त्याच्या कामाबद्दल मी समाधानी आहे, मात्र काही त्रुटींसह.

पेटाऱ्याचे कुलूप समोरच्या फळीत खाच पाडून आतल्या बाजूने बसवलेले आहे. झाकणाला पितळी कोयंडा असून झाकण मिटले की तो कुलपाच्या पेटीत उतरतो आणि किल्ली फिरवल्यावर आतली जीभ त्यात सरकते. किल्लीचे टोक मोडून आतच राहिले होते, जीभ गंजून बसली होती, आणि मागच्या पिढीने वेळोवेळी सोडलेल्या खोबरेल तेलात धूळ बसून त्याचा चिकट थर झाला होता. बिजागऱ्या काढून मागून झाकण उचलावे, तर त्यांचे खिळे आतून वळवून ठोकलेले होते. त्याआधी ज्या घरदुरुस्ती सेवेला फोन केला होता, तिच्या माणसाने पेटारा नीट न पाहताच ड्रिल काढले, म्हणून त्याला परत पाठवावे लागले.

चावीवाल्याने मात्र अवजारांना हात लावण्याआधी पेटारा कोणाचा आहे याची चौकशी केली आणि शेजारच्या काकूंना समोर उभे राहायला सांगितले. हा त्याचा नेहमीचा शिरस्ता असल्याचे नंतर कळले. ड्रिलचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, तोडायला दोन मिनिटं लागतील, पण मग हा कोयंडा कशात अडकवणार?’

करवतीच्या जुन्या पात्यापासून घासून केलेल्या बारीक आकड्याने त्याने आधी किल्लीचा मोडका तुकडा बाहेर ओढला आणि तो फेकून न देता फडक्यावर जपून ठेवला. अशा जुन्या कुलपात आजच्या सहा-सात लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या, कुलपासारखी गुंतागुंत नसते. आत उभ्या पत्र्याच्या आडव्या कडा असतात, आणि किल्लीच्या पात्यातील खाचा त्या कडांवरून मोकळ्या फिरल्या की जीभ सरकते. त्यामुळे त्या कडांना वळसा घालून जाणारी वाकवलेली तार जिभेपर्यंत पोहोचली, की किल्लीवाचूनही काम होते. अडचण गंजाची होती. त्याने गंज सोडवणारा स्प्रे मारला, बराच वेळ थांबला, मग तारेने जीभ एकदम न ढकलता पुढे-मागे हलवत राहिला, आणि अखेर ती सुटली.

खरे कौशल्य त्यानंतर दिसले. झाकण उघडल्यावर त्याने आतून स्क्रू काढून कुलूप बाहेर घेतले आणि त्याची झाकणपट्टी उचलली. जिभेवर दाब देणारी स्प्रिंग गंजून तुटली होती. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली आणि पुढे कारखान्याची कुलपे घरोघर पोहोचली. आमचे कुलूप मात्र हातघडणीचे, कोणताही छाप नसलेले, तेव्हा तयार सुटे भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा कापून, वाकवून तिथे बसवला. मोडक्या तुकड्यावरून मापे घेत कोऱ्या चावीत खाचा पाडल्या, मग चावीचे पाते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळीने काळे केले आणि कुलपात फिरवून बाहेर काढले. काजळी जिथे खरवडली गेली होती तेवढ्याच जागी कानस चालवायची, पुन्हा काजळी धरायची, असे चावी अलगद फिरेपर्यंत चालले. हे पाहायला घरातली मुले मोबाइल सोडून भोवती जमली होती, यावरून काय ते समजावे.

आता तक्रारी. स्प्रे मारताना खाली फडके न धरल्याने फळीवर तेलकट डाग पडला, आणि तो पॉलिश केल्याशिवाय जाईल असे वाटत नाही. झिजलेल्या पितळी स्क्रूंच्या जागी त्याने चकचकीत स्टीलचे स्क्रू लावले. ते आतल्या बाजूला असल्याने दिसत नाहीत, पण विचारायला हवे होते. पावती मिळत नाही. कुलूप उघडणे, दुरुस्ती आणि दोन चाव्या मिळून त्याने आठशे रुपये घेतले. एवढ्या किमतीत साधे नवे कुलूप आले असते हे खरे, पण ते बसवायला फळी नव्याने कोरावी लागली असती आणि सुताराची मजुरी वेगळी पडली असती.

ज्यांच्याकडे जुना पेटारा, कपाट किंवा देव्हाऱ्याचा खण अडकलेला असेल, त्यांनी मोडकी किल्ली, तुटलेला तुकडा, जे असेल ते जवळ ठेवून याला बोलवावे. येण्याचे पैसे आणि कामाचे पैसे आधीच ठरवून घ्यावेत, फळीवर जुने फडके आपणच अंथरावे, आणि पितळी स्क्रू हवे असतील तर लोहार चाळीच्या बाजारातून आधी आणून ठेवावेत. डिजिटल लॉकरचे काम तो घेत नाही, तसे स्वतःच स्पष्ट सांगतो.