शाळेआधीचे सहा आठवडे : एका तयारी वर्गाविषयी

मुलगी सव्वाचार वर्षांची असताना, शाळा सुरू होण्याच्या आधीचे सहा आठवडे, आम्ही तिला शाळेची तयारी करून घेणाऱ्या एका वर्गात घातले होते. तयारी म्हणजे अक्षरे आणि अंक अशी आमची समजूत होती. पण पहिल्या बैठकीत बाईंनी आमच्या हाती जो कागद ठेवला, त्यात एकही अक्षर ओळखायचे नव्हते. बूट स्वतः घालता येतात का, डब्याचे झाकण उघडता येते का, लघवीला जायचे आहे हे अनोळखी मोठ्या माणसाला सांगता येते का, हवे ते खेळणे दुसऱ्याच्या हाती असताना थांबता येते का, असे प्रश्न होते. युनिसेफने २०१२ साली मांडलेल्या आराखड्यात मुलाइतकीच कुटुंबाची आणि शाळेची तयारीही मोजली आहे, आणि हा वर्ग त्याच धोरणाने चालतो.

वर्गाची सर्वांत मोलाची बाब म्हणजे निरोप घेण्याची शिकवण. पहिला आठवडा पालक आत बसतात, दुसऱ्यात दाराशी, आणि तिसऱ्यात निघून जातात. मुलाची नजर चुकवून सटकायचे नाही, ‘गोष्ट संपली की येते’ असे त्याला कळेल अशा भाषेत सांगायचे आणि गोष्ट संपताच हजर व्हायचे, यावर बाई ठाम होत्या. मी पहिल्यांदा निघाले त्या दिवशी मुलगी हुंदके देत माझा हात सोडेना, तेव्हा बाई गुडघ्यांवर बसल्या आणि माझा रुमाल मागून घेऊन तिच्या खिशात ठेवला. मी परतले तेव्हा ती चिकणमातीचे गोळे वळत होती. रुमालाचे टोक तेवढे खिशातून बाहेर डोकावत होते.

झोपेच्या वेळेबद्दलही आम्हाला नीट समजावण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते. आमच्या घरी ती फार तर नऊ तास होत होती.

शेवटचे दोन आठवडे मात्र मला पटले नाहीत. काही पालकांच्या आग्रहाखातर मुलांपुढे गिरवण्याचे कागद आले. या वयात बोटांचे स्नायू आणि मनगट अजून घडत असतात. माती मळणे, कागद फाडणे, मणी ओवणे यांतूनच पेन्सिल धरण्याचे बळ येते, हे याच बाईंनी आधी सांगितले होते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रत्येक मुलाविषयी एक पानाचे टिपण शाळेला पाठवण्याचे वर्गाने कबूल केले होते, पण पहिल्या दिवशी ते वर्गशिक्षिकेपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. तरीही मूल प्रथमच घराबाहेर राहणार असेल, तर मी हा वर्ग मनापासून सुचवेन. टिपणाची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवावी. आमच्याजवळची प्रत वर्गशिक्षिकेने दारातच उभ्याने वाचली आणि वाकून मुलीला विचारले, ‘‘आईचा रुमाल आणलास ना?’’