मानेचा मऊ पट्टा: पाचपैकी साडेतीन

मागून गाडी धडकली तेव्हा माझ्या मानेला कशाचा साधा धक्काही लागला नव्हता. सीटने पाठ पुढे ढकलली, पाचेक किलोचं डोकं जागच्या जागी राहिलं आणि मधल्या मानेला हिसका बसला. यालाच व्हिपलॅश म्हणतात. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही, दुसऱ्या सकाळी मान वळेना. एक्स-रे मात्र स्वच्छ! स्नायू आणि अस्थिबंधांची दुखापत त्यात दिसत नाही.

म्हणून हा फोमचा पट्टा घेतला. हनुवटीखालची खाच नीट कापलेली आहे, गळा आवळत नाही. कव्हर काढून धुता येतं, ही मोठीच सोय. वेल्क्रो मागे येतं आणि केसांत हमखास अडकतं, तेव्हा आधी अंबाडा घाला. घामाने कडेला खाज सुटते ती सुटतेच.

खोक्यावर ‘दिवसभर वापरा’ असं छापलंय, त्याचे गुण मी कापले. फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं की सतत आधार दिला तर मानेचे स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात. सोसेल तितकी मान हलवत राहायची. त्यामुळे सुरुवातीला ठणका असह्य झाला की तासभर, एवढाच माझा वापर. हातात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पट्ट्याच्या भानगडीत न पडता डॉक्टर गाठा.

मागवताना नुसता गळ्याचा घेर नको, मानेची उंचीही मोजा. जास्त उंच पट्टा मान मागे ढकलतो.