घरापुढं हरळी की मेक्सिकन, की सरळ भाजी?

बेळगावात नवीन घर बांधलं की पहिल्याच पावसात अंगणात लॉन पाहिजे असतं, आणि नर्सरीवाला आधी मेक्सिकन गवतच दाखवतो. बघा की, दिसायला छानच आहे ते. पण निवड जूनचा पाऊस बघून करू नका, एप्रिलमध्ये टाकीत किती पाणी असतं ते बघून करा. कडक उन्हात लॉनला आठवड्याला साधारण 25 मिमी पाणी लागतं, म्हणजे 500 चौरस फुटाला जवळपास साडेअकराशे लिटर. घरची बोअर असेल तर ठीक, नाहीतर टँकर मागवून गवत भिजवणार काय?

हरळीचं तसं नाही. पाणी तुटलं की पिवळी पडते, मेलीच वाटते, पण वळीव झाला की खालच्या मुळ्यांतनं परत फुटते. मात्र तिला ऊन पाहिजे, निदान सहा तास तरी, आंब्याच्या सावलीत विरळ होते, आणि पावसाळ्यात तर आठवड्याला कापायलाच लागते, नाही कापली तर गुलाबाच्या आळ्यात घुसते. मेक्सिकन हळू वाढतं, थोडी सावली चालते, कापायचा त्रास कमी. लावायचा खर्च मात्र अंगावर येतो.

दोन्हीला हुमणीची, म्हणजे मुळ्या खाणाऱ्या अळीची भीती आहे, त्यात आपला ऊसपट्टा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मधेच गोल पिवळा डाग दिसला तर तिथलं गवत मुठीत धरून ओढा, मुळ्या तुटून चादर उचलल्यासारखं वर आलं आणि खाली वाकडी पांढरी अळी दिसली तर पाणी किंवा युरिया मारत बसू नका, अळ्या वेचा. कच्चं शेणखत टाकलं की ही बला हमखास येते, चांगलं कुजलेलंच घ्या. आणि मातीचा ट्रॅक्टर मागवताना लव्हाळ्याच्या, म्हणजे त्या चिवट तणाच्या गाठी बघा, त्या एकदा आल्या की उपटून संपत नाहीत.

आता भाजी. पाणी तिलाही लागतंच, पण निदान ताटात तरी येतं. मिरगाला भेंडी-दोडका, दिवाळीच्या आसपास मेथी, कोथिंबीर, गाजर. चिकोडीकडच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून वाफे उंच करा, खानापूरकडच्या तांबड्या मातीत निचरा होतो पण खत वाहून जातं, तिथं थोडं थोडं दोनतीनदा टाका.

बोअर नसेल तर माझं मत सरळ आहे, गेटजवळ बसण्यापुरती हरळी आणि मागं वाफे. पोरं खेळणार असतील तर हरळीच थोडी जास्त लावा.