नेव्हिसवर्क्स मॅनेज: टकरा पकडतं, हिशोब मात्र तपासून घ्या

ऑटोडेस्कच्या या सॉफ्टवेअरकडून दोन कामं अपेक्षित असतात: आर्किटेक्ट, स्ट्रक्चर आणि एमईपीची (वातानुकूलन, वीज, प्लंबिंग) मॉडेल्स एकत्र आणून क्लॅश, म्हणजे भागांच्या टकरा, शोधणं, आणि व्हॅल्यू इंजिनिअरिंगसाठी (तेच काम कमी खर्चात करण्यासाठी) पर्यायांची मोजमापं काढणं. पहिल्यात ते पक्कं आहे, दुसऱ्यात अर्धवट. घेताना ‘मॅनेज’च घ्या, ‘सिम्युलेट’ या दुसऱ्या आवृत्तीत क्लॅश डिटेक्टिव्ह, म्हणजे टकरा शोधणारं साधन, नाही.

रिव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरमधून एनडब्ल्यूसी (नेव्हिसवर्क्ससाठीची फाइल) काढताना सगळ्यांनी शेअर्ड कोऑर्डिनेट्स (सगळ्या मॉडेल्सचा एकच आरंभबिंदू) निवडावेत. एखाद्याचं मॉडेल पार लांब जाऊन पडलं तर लगेच कळतं. 40-50 मिमी सरकलेलं कळत नाही आणि खोट्या क्लॅशचा ढीग पडतो.

सगळ्याची सगळ्याशी टेस्ट लावू नका. सर्च सेट (निकषानुसार निवडलेल्या भागांचे गट) करून आधी बीम-डक्ट, मग स्लॅब-ड्रेनेज. हार्ड क्लॅशला (दोन भाग एकमेकांत घुसणं) 10 मिमी टॉलरन्स (दुर्लक्ष करायची मर्यादा) ठेवून सुरुवात करा. इन्सुलेशन मॉडेलमध्ये नसेल तर दोन भागांतलं किमान अंतर तपासणाऱ्या क्लिअरन्स टेस्टमध्ये त्याची जाडी धरा. ड्रेनेजचा उतार मात्र मॉडेलमध्येच हवा: 1:100 ने 12 मीटर गेलेली लाइन शेवटी 120 मिमी खाली येते. ती आडवी काढली असेल तर रिपोर्ट स्वच्छ येतो आणि साइटवर पाइप फॉल्स सीलिंगच्या फ्रेमवर टेकतो.

वैताग ग्रुपिंगचा. एकच डक्ट 14 बीममधून गेला की 14 क्लॅश दिसतात, ते हातानं एकत्र करायचे. शिवाय मॉडेलरनं डक्ट सरकवण्याऐवजी पुसून नवा काढला की एलिमेंट आयडी बदलतो. अप्रूव्ह केलेला क्लॅश ‘न्यू’ म्हणून परत येतो, शेरा जुन्याबरोबर गेलेला असतो.

क्वांटिफिकेशनबद्दल, म्हणजे मॉडेलवरून मोजमापं काढण्याबद्दल, सावध राहा. कॉलम आणि स्लॅब नीट जॉइन केले नसतील तर सांध्यातलं काँक्रीट दोनदा मोजलं जातं. उदाहरणार्थ, बीम-स्लॅबऐवजी फ्लॅट स्लॅब (बीमशिवाय थेट कॉलमवर टेकलेला) हा पर्याय पाहा. नुसतं घनफळ पाहिलं तर जाड फ्लॅट स्लॅब सहसा महाग दिसतो. पण बीमच्या बाजूंचं शटरिंग वाचतं, डक्टला सरळ वाट मिळते, मजल्याची उंचीही कमी करता येते; उलट कॉलमपाशी पंचिंग शिअरसाठी (कॉलम स्लॅब भेदून जाऊ नये म्हणून) ड्रॉप, म्हणजे स्लॅबचा जाड केलेला भाग, किंवा जादा स्टील लागू शकतं. शटरिंगचं क्षेत्रफळ आयतं मिळत नाही आणि स्टील बहुतेकदा मॉडेलमध्येच नसतं. घनफळ इथून घ्या, बाकीची तुलना एक्सेलमध्ये करा, तीही फाउंडेशनची ड्रॉइंग निघण्याआधी.

साइटवर नुसतं पाहायला मोफतचं ‘फ्रीडम’ पुरतं. फक्त एनडब्ल्यूडी (मॉडेल्स आत असलेली फाइल) पाठवा. एनडब्ल्यूएफमध्ये नुसत्या लिंक असतात, त्यातली मॉडेल्स समोरच्याकडे पोचतच नाहीत.