नंबरच्या काचांचा स्नॉर्कलिंग मास्क: नऊ महिने वापरल्यानंतर

तलावांच्या शहरात, म्हणजे ठाण्यात, जन्म काढला आणि पोहायला शिकलो चाळिशीत. त्यात चष्मा उणे पावणेपाचचा. पाण्यात उतरलो की समोर माणूस आहे की खांब, इथून सुरुवात. अंदमानचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, भाड्याचा मास्क लावून तुम्हाला दिसणार काय? निळं पाणी?" मुद्दा बिनतोड होता. ऑगस्टमध्ये नंबरच्या काचा बसवता येतील असा मास्क आणि तोंड पाण्यात ठेवून श्वास घ्यायची नळी मागवली. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास पडलं.

या तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात, सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर त्यात नसतो. मी दोन्हीकडे उणे साडेचार घेतल्या. पाव नंबर कमी पडल्याचं पाण्यात जाणवलंही नाही. तिथे सगळं तसंही साधारण एक तृतीयांशाने मोठं दिसतं. (घरी येऊन मी माशांच्या ज्या लांब्या सांगितल्या, त्यातून तेवढं वजा करा.)

पालिकेच्या तरण तलावात पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत काचा धुक्याने भरल्या. मास्क खराब निघाला म्हणून परत पाठवायच्या बेतात होतो. पोहायला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं की नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, तो आधी घासून काढावा लागतो. साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन बोटाने चार वेळा घासला, तेव्हा कुठे काच ताळ्यावर आली. आता पाण्यात उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब लावतो. नसेल तर थुंकी. घरच्यांनी तोंडं वाकडी केली, पण काम होतं.

खरी गोची मिशीची. बघायला भारदस्त, पण सिलिकॉनची कड नाकाखाली बसायची तिथेच केस, आणि त्यातून पाणी थेंबथेंब आत. नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरलो, तर दर पाच मिनिटांनी डोकं वर काढून मास्क रिकामा करायचा. बोटवाला हसत म्हणाला, "तुमका मिशी कापूची लागतली, नायतर पाणी येतलाच." मी व्हॅसलीन लावून बघितलं. अर्धा तास बरं चाललं, मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी नाकाखालची दोन बोटं जागा साफ केली. ऑफिसात आठवडाभर चौकशी झाली, पण मास्क त्यानंतर गळलेला नाही. मालवणला पाणी गढूळच होतं, त्यामुळे मास्कची परीक्षा तिथे अर्धीच झाली.

उरलेली जानेवारीत, अंदमानातल्या शहीद द्वीपला. जुनं नाव नील. भरतपूरच्या किनाऱ्यावर भरती बघून उतरायचं. ओहोटीला प्रवाळ वर येतं, पोट घासतं आणि प्रवाळही मोडतं. काचेतून पहिल्यांदा खाली बघितलं आणि कितीतरी वेळ हललोच नाही. एक पोपटमासा प्रवाळाला चोच मारत होता, आणि त्याचा आवाज येत होता! शेजारच्या खोलीत कुणी चकली खातंय, अगदी तसा कुरुमकुरुम. पुढे प्रवाळात रुतलेला एक मोठा शिंपला, निळ्या-जांभळ्या मखमलीच्या ओठांचा. माझी सावली पडली तसा तो हळूच मिटला. मी बाजूला सरकलो, जरा थांबलो, पुन्हा उघडला. भाड्याच्या मास्कमध्ये मला ती फक्त जांभळी डागळलेली जागा दिसली असती. साडेचार हजार तिथेच वसूल.

नळीबद्दल मात्र तक्रार आहे. तिच्या टोकाला पाणी आत येऊ नये म्हणून एक तरंगणारी झडप असते. तिसऱ्या दिवशी मिठाने ती अडकली, ऐन श्वास घेताना नळी बंद. घाबरलो, पण लाइफ जॅकेट अंगावर होतं. आता रोज कोमट पाण्यात बुडवून ठेवतो. पुन्हा घेतली तर साधी उघडी नळी घेईन. त्यात पाणी गेलं तर फुंकर मारून काढता येतं.

बायकोने स्वतःसाठी संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेतला होता. दिसायला मस्त, पण त्यात सोडलेल्या हवेला बाहेर पडायला नीट वाट नसेल तर तीच पुन्हा आत घेतली जाते. तरण तलावात दहाव्या मिनिटाला तिचं डोकं जड झालं. तेव्हापासून तो माळ्यावर आहे, घेता का?

ता. क. जाणाऱ्यांसाठी: अंदमानात वांडूरहून जॉली बॉय बेटावर जायचं तर प्लास्टिकची तपासणी होते, मास्क कापडी पिशवीत न्या. आणि तिथे जानेवारीत संध्याकाळी साडेपाचच्या आतबाहेर अंधार पडतो, घड्याळ मात्र आपलंच. पाण्याखाली उजेड हवा तर सकाळीच उतरा.

नऊ महिन्यांत काचांवर ओरखडा नाही. सिलिकॉन किंचित पिवळं पडलंय, बाल्कनीत उन्हात वाळवायची माझी चूक. पट्टा केस ओढायचा, म्हणून नौपाड्यातल्या टेलरकडून जुन्या स्विमिंग कॉस्च्यूमच्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं. त्याने दोनदा विचारलं, "हे नक्की डोक्यालाच लावायचं ना?"