बाळंतपण कुठं करायचं: घरी, पीएचसीत, तालुक्याला की जिल्ह्याला?

घरीच बाळंत व्हायचं, कुणाला बोलवायचं नाही, हा विचार मराठवाड्यात दोन वाटांनी येतो. एक वाट जुनी आहे. तांड्यावर, शेतातल्या वस्तीवर नाहीतर उसाच्या फडावर कळा सुरू होतात आणि गाडी मिळत नाही. दुसरी वाट नवी. मोबाइलवर परदेशातल्या बायकांचे घरच्या बाळंतपणाचे व्हिडिओ पाहून, किंवा पहिल्या खेपेला दवाखान्यात झालेला अपमान मनातून जात नाही म्हणून, बाई ठरवूनच घरी राहते. शरीराचा हिशेब दोघींना सारखाच लागू होतो.

आमचं मत आधीच सांगतो. शिकलेलं माणूस जवळ नसताना घरी बाळंत होणं आम्ही कुणालाच सुचवणार नाही. पण घर हवंसं वाटण्याची कारणं खरी आहेत: आपली माणसं, आडोसा, हिंडण्या-बसण्याची मोकळीक, कुणी न खेकसणं. यातलं बरंचसं पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मिळवता येतं, मात्र त्यासाठी आधी जाऊन बोलावं लागतं.

पहिली दहा मिनिटं

ठिकाणाठिकाणांतला खरा फरक बाळ बाहेर आल्यावर दिसतो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडं मिनिटाला अर्धा लिटरभर रक्त जात असतं. वार (बाळाला आत पोसणारा, नाळेला जोडलेला गोळा) सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात आणि गर्भाशय आवळलं तरच ती मिटतात. बेंबीच्या जवळ हात ठेवला तर नारळासारखा कडक गोळा लागला पाहिजे. तो भिजल्या कणकेसारखा मऊ लागला तर रक्त जातंय असं समजावं, कपड्यावर दिसो वा न दिसो, कारण पुष्कळदा ते आतच साठत असतं. ५०० मिलीच्या वर गेलं की तो धोका धरतात. हिमोग्लोबिन ७-८ असलेल्या बाईला त्याहून कमी रक्त गेलं तरी सोसत नाही. उपचार मिळाला नाही तर जोराचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेऊ शकतो.

आता चारही ठिकाणं शेजारी ठेवून पाहा. घरी एकटी असलात तर हाताशी फक्त पोट चोळणं आणि बाळाला छातीला लावणं. तेही स्वतःलाच करायचं, चक्कर येत असताना.

सुईण असेल तर धीर देणारं माणूस मिळतं आणि त्याची किंमत कमी नाही. पण तिच्याकडं औषध नसतं. आणि वार लवकर पडेना म्हणून नाळ ओढली, तर गर्भाशय उलटं होऊन बाहेर येऊ शकतं किंवा वारेचा तुकडा आत राहतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळ झाल्याबरोबर, मिनिटाच्या आत, आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन देतात. गर्भाशय आवळणारं हे औषध २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून घरी आणून ठेवण्यात अर्थ नाही. सलाइन, पुढची औषधं आणि गाडीही तिथं असते. रक्त आणि ऑपरेशन मात्र नसतं.

उपजिल्हा, जिल्हा किंवा स्त्री रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात रक्त, भूलतज्ज्ञ आणि सिझर हे तिन्ही बहुधा असतं. पाटीवर ‘ग्रामीण रुग्णालय’ लिहिलंय म्हणून सिझर होतंच असं धरू नका. “रात्री दोन वाजता सिझर लागलं तर इथं होतं का, आणि रक्त कुठून आणता?” हा प्रश्न आठव्या महिन्यातच विचारा. आशाताईला याचं उत्तर बहुतेक ठाऊक असतं.

बाळाचंही तसंच. दहातल्या साधारण एका बाळाला पहिला श्वास घ्यायला काहीतरी मदत लागते. बहुतेकांना कोरडं पुसणं आणि पाठ चोळणं पुरतं. काहींना पहिल्या मिनिटातच मास्क-पिशवीनं हवा द्यावी लागते, आणि ते हात सरावाचेच लागतात. उलटं धरून चापट मारल्यानं श्वास सुरू होत नाही.

परदेशातल्या व्हिडिओंत बऱ्याचदा एक गोष्ट चौकटीबाहेर राहते: शेजारी शिकलेली मिडवाइफ, तिच्या बॅगेत हीच औषधं आणि ऑक्सिजन, आणि जवळ मोठं रुग्णालय. इंग्लंडमध्ये २०११ साली निघालेल्या मोठ्या अभ्यासात बायका निरोगी होत्या आणि मिडवाइफ सोबत होती. तरी घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के बायकांना रुग्णालयात हलवावं लागलं. त्यांच्या बाळांना गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३ निघालं, रुग्णालयात ते ५.३ होतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत मात्र बाळांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. हे सगळं मिडवाइफ सोबत असतानाचं आहे. आपल्या वस्तीवरच्या एकटीच्या बाळंतपणाला हे आकडे लावून समाधान मानता येत नाही.

कुणी थेट मोठ्या दवाखान्यात जायचं

आधीचं सिझर, जुळं, आडवं किंवा पायाळू मूल, वार खाली असणं, बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर, साखर, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, उंची १४० सेंटिमीटरहून कमी, मागच्या खेपेला जास्त रक्त गेलेलं किंवा वार अडकलेली. यातलं काहीही असेल तर पीएचसीसुद्धा पुरत नाही, सिझर आणि रक्ताची सोय असलेलंच ठिकाण ठरवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट तपासून ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते कुठं मिळेल हे आधीच ठरवा, नाहीतर पुढच्या मुलाला भोगावं लागतं.

आणि हे सगळं कळायला तपासण्या लागतात. ‘काही त्रास नाही’ म्हणून नाव न नोंदवणारीचं बीपी किती आहे हे कुणालाच माहीत नसतं. बीपी वाढलेलं पुष्कळदा जाणवतही नाही. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं काजवे, छातीच्या खड्ड्यात दुखणं सुरू झालं म्हणजे झटका (आकडी) फार लांब नाही. बाराव्या आठवड्याच्या आत नोंद आणि पुढं निदान तीन तपासण्या: १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. लोहाच्या किमान १८० गोळ्या घ्यायच्या, रोज एक. चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर चांगली लागू पडते. शौच काळं होतं, त्याला घाबरून गोळ्या सोडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.

अंतर किलोमीटरनं मोजू नका

घरून मोठा दवाखाना ‘तासाभरावर’ असतो तेव्हा त्यात गाडी येण्याचा वेळ धरलेला नसतो. फोन, गाडी वस्तीवर येणं, बाजेवरून गाडीपर्यंत नेणं, रस्ता, दवाखान्यातली नोंद, रक्त मिळणं, हे सगळं मिळून बेरीज करा. पावसाळ्यात काळ्या रानातली पायवाट आणि ओढ्याचं पाणी त्यात घाला. ही बेरीज दोन तासांच्या पुढं गेली, तर वर सांगितलेल्या रक्तस्रावाला घर पुरं पडत नाही. पीएचसीतून निघताना निदान पहिली औषधं पोटात-अंगात गेलेली असतात आणि सलाइन चालू असतं.

जिल्ह्याच्या हद्दीत अडकू नका. परंड्याला धाराशिवपेक्षा बार्शी जवळ, आष्टीला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ. सरकारी दवाखान्यातलं मोफत बाळंतपण रहिवासी दाखल्यावर अवलंबून नाही. किनवट भागातल्या बाईची गोष्ट वेगळी, तिथून नांदेड शंभराच्या वर किलोमीटर. जोखीम असेल तर दिवस भरायच्या आधी आठवडा-दोन आठवडे दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडं राहायला जाणं हाच खरा उपाय.

दोन नंबर आणि दोन वेगळ्या गाड्या. १०२ ही गरोदर बाईला नेण्या-आणण्याची मोफत गाडी, १०८ मध्ये डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. कळा नेमानं सुरू झाल्या तर १०२. रक्त, झटका, बाळाचा हात, पाय किंवा नाळ बाहेर दिसली तर १०८. शिवाय गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

मान आणि माणसं

घराची बाजू इथं खरी वरचढ आहे. ‘लेकरू करताना कळलं नाही का’ असले शब्द कळा देणाऱ्या बाईला ऐकावे लागतात. हे चुकीचंच आहे आणि ते सोसण्याची काही गरज नाही. ३६ व्या आठवड्याच्या तपासणीला सिस्टरला भेटून चार गोष्टी विचारा: कळांच्या वेळी आई किंवा सासू जवळ राहू शकते का, हिंडता-फिरता येईल का, उकिडवं किंवा कुशीवर होऊन जोर देता येईल का, आणि कारण नसताना बाळाची वाट मोठी करायला काप घेणार नाही ना. सरकारी प्रसूती कक्षात एक बाई सोबत ठेवण्याची मुभा २०१६ पासून केंद्राच्या सूचनेतच आहे. एक पीएचसी नाही म्हणाली तर शेजारची विचारा.

खासगीत खोली स्वतंत्र मिळते, बोलणंही बहुधा गोड असतं. पण गोड बोलणं म्हणजे रक्ताची सोय नव्हे. तिथं तोच रात्री दोनचा प्रश्न विचारा. भूलतज्ज्ञ किती वेळात येतात, बालरोगतज्ज्ञ कोण, आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कुठं पाठवता, हेही विचारा.

पैसा आणि कागद

सरकारीत बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत, २०११ पासून. खेड्यातल्या दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात, दारिद्र्यरेषेखालच्या घरच्या बाळंतपणाला ५००. म्हणजे घरी राहून फार काही वाचत नाही, आणि ऐन वेळी भाड्यानं केलेली जीप महाग पडते. दवाखान्यात जन्माची नोंद तेच करतात. घरी झाल्यास घरच्या कर्त्या माणसानं २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करायची. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांचं शाळेपासून पुढचं सगळं या जन्माच्या दाखल्यावरच आहे.

हंगामावर जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुमारास कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) निघतो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिल उजाडतो. तारीख या मधल्या काळात असेल, तर माहेरी किंवा गावी मागं राहणं कोपीतल्या (फडावरच्या झोपडीतल्या) बाळंतपणापेक्षा कितीतरी बरं. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, दोघांचं काम एका कोयत्यावर असतं, हे ठाऊक आहे. म्हणूनच ही गोष्ट मुकादमाशी उचल घेण्याआधी बोलायची आहे. जावंच लागलं तर माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा. कारखान्याजवळच्या पीएचसीत पोहोचल्या आठवड्यातच नाव घाला. सातव्या महिन्यानंतर मोळी उचलू नका.

गाडी पोहोचलीच नाही तर

आठव्या महिन्यापासून एक पिशवी भरून ठेवा: साबण, हातमोजे, धुऊन उन्हात वाळवलेले चार सुती कपडे, कोरं प्लॅस्टिक, सीलबंद कोरं ब्लेड, २० मिनिटं उकळायचा जाड दोरा, बॅटरी. हा घरी राहण्याचा बेत नव्हे, फोन झाल्यावरची सोय आहे.

१०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. हात कोपरापर्यंत धुवा. पोटावर दाबू नका, आत हात घालू नका. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणालाही देऊ देऊ नका, त्यानं गर्भाशय फाटू शकतं. डोकं आलं की आधार द्या, ओढू नका. नाळेचा वेढा सैल असेल तर डोक्यावरून काढा. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वरून कोरडं कापड, टोपी. गाडी येत असेल तर नाळ कापायची घाई नाही, बाळ वारेसकट नेता येतं. कापावीच लागली तर धडधड थांबल्यावर, बेंबीपासून चार बोटांवर एक आणि त्यापुढं दोन बोटांवर दुसरी गाठ घट्ट मारून दोन्हींच्या मध्ये. नाळेला हळद, राख, शेण, तेल काहीही नको.

वारेची वाट पाहा. ती आली की पिशवीत घालून बरोबर न्या, पूर्ण आहे का ते डॉक्टर बघतील. आईला लघवी करायला लावा, बाळाला पाजा, पोटावरचा गोळा कडक होईपर्यंत चोळा. अर्ध्या तासात वार पडली नाही, किंवा कापडाची जाड घडी पाच मिनिटांत चिंब झाली, तर गाडीची वाट न पाहता असेल त्या वाहनानं निघा. आईला आडवं ठेवा आणि हात पोटावरून काढू नका.

सगळं नीट झालं तरी दवाखाना चुकत नाही. २४ तासांच्या आत बाळाला बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन हवं. गुटी, मध, साखरपाणी नको. फक्त अंगावरचं दूध, तासाभराच्या आत. पहिली अंघोळ दुसऱ्या दिवशीनंतर. बाजेखाली शेगडी ठेवायचीच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरानं आई आणि लेकरू झोपेतच गुदमरतात.