ईबर्ड आणि मर्लिन : मामा तलावाच्या काठावर वापरून पाहिल्यावर

"हा कोणता पक्षी?" असा प्रश्न विदर्भातल्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी रोज पडायचा. त्याखाली तीन उत्तरं यायची, त्यांतली दोन चुकीची. मग एखादा जाणता "शेपटी बघा, पायाचा रंग बघा" म्हणून वाद मिटवायचा. आता तो प्रश्न जवळपास आटला, कारण मर्लिन हे पक्षी ओळखणारं ॲप दहा सेकंदांत उत्तर देतं. ग्रुपवर उरले ते फोटो आणि "यंदा दोनशे जाती झाल्या" असे आकडे. ते आकडे येतात ईबर्ड या ॲपवरून. छंदाची चालच या दोन ॲप्सनी बदलली आहे, म्हणून त्यांचं परीक्षण एकत्रच केलेलं बरं.

दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेची, दोन्ही फुकट, खातंही एकच. ईबर्ड २००२ साली सुरू झालं, २०१० पासून जगभरासाठी खुलं आहे. मर्लिन २०१४ चं, आणि आवाजावरून ओळखण्याची सोय त्यात २०२१ मध्ये आली. ईबर्ड ही नोंदवही आहे, मर्लिन हा ओळखीसाठी सोबत घ्यायचा गडी. लोक गल्लत करतात ती इथेच. गड्याने सांगितलं ते न बघता वहीत उतरवतात.

मर्लिनपासून सुरुवात करू. भारताचा पॅक (इथल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच) घरी किंवा तालुक्याला वाय-फाय असतानाच उतरवून घ्या. तो शेकडो एमबींचा आहे, मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आत गेल्यावर उतरणार नाही. एकदा फोनमध्ये आला की आवाज आणि फोटो, दोन्हींवरची ओळख रेंजशिवाय चालते.

आवाज ओळखताना ॲप त्याचं चित्र काढतं: आडवी वेळ, उभी स्वराची उंची. शिकलेल्या चित्रांशी ते चित्र ताडून पाहतं. म्हणून चित्रावर जे काही आडवं पसरतं ते सगळं घात करतं. पावसाळ्यातले रातकिडे, विहिरीवरचा मोटारपंप, वारा, आणि सागाच्या वाळल्या पानांत वाजणारे आपलेच पाय. फोन खिशात ठेवून चालत राहिलात तर हाती काही लागत नाही. एका जागी उभे राहा, वाऱ्याकडे पाठ करा, बहुतेक फोनचा माईक खालच्या कडेला असतो ती कड पक्ष्याकडे धरा आणि निदान अर्धा मिनिट थांबा. पक्षी पुन्हा बोलला की पडद्यावरचं त्याचं नाव पुन्हा उजळतं. एकदाच उजळून गेलेल्या नावावर भरवसा ठेवू नका.

नकल्यांपुढे तर ते हमखास फसतं. भृंगराज हा पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याची हाक हुबेहूब काढतो, हरेवाही दुसऱ्यांचे आवाज चोरतो. ॲप शिक्रा म्हणून मोकळं होतं. शिवाय भारतातल्या सगळ्या जाती मर्लिन आवाजावरून शिकलेलं नाही. न शिकलेला पक्षी बोलला तर ते गप्प बसतं, नाहीतर जवळपासचं नाव ठोकून देतं. दुसरा प्रकार जास्त वाईट.

फोटोची बाजू बरी आहे. पक्षी चौकट भरेल इतका मोठा करा, जागा आणि तारीख नीट भरा. कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोनने काढलेला फोटोही बऱ्याचदा चालून जातो. तरी मेळघाटातला जुना मोह सुटत नाही. तिथे रानपिंगळा हे छोटं घुबड आहे. ११३ वर्षं नाहीसा समजला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि तेव्हापासून मेळघाटातल्या साध्या पिंगळ्यालाही रानपिंगळा करावंसं वाटतं. ॲपने काहीही सांगितलं तरी डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं असतं, छातीवर गडद रुंद पट्टे असतात आणि खाली पोट पांढरंशुभ्र. एवढं पाहून मगच नाव लिहा.

मर्लिन संभाव्य पक्ष्यांची यादी दाखवतं ती ईबर्डवर आलेल्या नोंदींवरून. नागपूरच्या अंबाझरी-गोरेवाड्यासाठी ती यादी भरगच्च असते, कारण तिथे रोज कोणी ना कोणी जातं. जिथून नोंदीच आलेल्या नाहीत त्या गावासाठी ॲपचे अंदाजही ढिले. आपल्या भागातलं ॲप शहाणं व्हायचं असेल तर वही भरणं आलं.

ईबर्डचा सराव दोन फेऱ्यांत होतो. मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावर, पोचल्यावर ॲपमध्ये नवी यादी सुरू करा. वेळ आणि चाललेला मार्ग ते आपोआप धरतं. मार्गासाठी इंटरनेट लागत नाही, फक्त जीपीएस चालू लागतो. पक्षी दिसेल तसा आकड्यासह टाका. शोधताना इंग्रजी नावातल्या प्रत्येक शब्दाची पहिली दोन अक्षरं पुरतात, आणि सेटिंग्जमध्ये पक्ष्यांची नावं मराठीतही करता येतात. पुस्तकी मराठी नावं आणि गावातली नावं जुळतीलच असं नाही, पण टिबुकली, हळदी-कुंकू, थापट्या एवढं मराठीत वाचायला मिळालं तरी शाळेच्या पोरांना हे ॲप आपलं वाटतं.

परतीच्या वाटेची गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. तलावाच्या पाळीवर एक किलोमीटर जाऊन त्याच वाटेने मागे आलात तर ॲप दोन किलोमीटर दाखवतं. सादर करण्याआधी ते एक करा. त्याच वाटेवरचं परतीचं अंतर धरायचं नसतं. तीस मीटरच्या आतच फिरला असाल तर 'एका जागी' हा प्रकार निवडा. यादी तासाभराची, दोनेक किलोमीटरची ठेवा. नवेगावबांधला दिवसभर फिरून एकच लांबलचक यादी टाकण्यापेक्षा तीन-चार छोट्या याद्या कितीतरी उपयोगाच्या, कारण कोणता पक्षी पाण्यावर होता आणि कोणता मोहाच्या झाडावर, हे त्यातूनच कळतं.

शेवटी ॲप विचारतं, ही पूर्ण यादी आहे का? इथे निम्मे लोक चुकतात. एखादा चिखल्या ओळखता आला नाही म्हणून 'नाही' दाबतात. प्रश्नाचा अर्थ एवढाच, की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत की मुद्दाम काही गाळलेत? साळुंकी, कावळा, गायबगळा "त्यात काय" म्हणून गाळले नसतील तर उत्तर 'होय'. न ओळखलेल्यासाठी गटाचं नाव लिहिण्याची सोय आहेच. "कोणतातरी तिरचिमणा" ही प्रामाणिक नोंद आहे, अंदाजाने ठोकलेलं जातीचं नाव प्रामाणिक नसतं.

मोजणीला लोक कंटाळतात आणि आकड्याच्या जागी 'एक्स' टाकतात. ते चालतं, पण त्यातून कळतं एवढंच की पक्षी होता. डिसेंबर-जानेवारीत तलावावर अडई बदकांचा थवा बसला असेल तर एका टोकाकडून वीस मोजा, त्या वीसांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरा आणि तसे किती तुकडे पडतात ते पाहा. दोनदा करा. दोन्ही वेळा जवळपास तेच आलं तर लिहा. उडालेला थवा मोजायला गेलात की आकडा हटकून फुगतो.

आकडा त्या काळासाठी जास्त असेल किंवा पक्षी त्या भागात अनपेक्षित असेल तर ॲप टिपण मागतं, आणि पुढे स्थानिक स्वयंसेवक परीक्षक ईमेल करू शकतो. लोक इथे रुसतात. "आम्ही खोटं बोलतो का?" असा सूर लागतो. टिपणात "मर्लिनने सांगितलं" लिहू नका, त्याला पुराव्याची किंमत नाही. आकार, चोच, रंग, काय करत होता आणि कोणत्या जातीपासून कसा वेगळा ओळखला, हे दोन ओळींत लिहा. गोंदियातल्या धानाच्या बांधीत सारस दिसला तर कोणाला नवल नाही. तोच बुलडाण्यात टाकला तर प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. वहीतली नोंद रात्री भरताना सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली की भर दुपारी बारा वाजता घुबडांची यादी तयार होते. तेही तपासा.

चौघे मिळून गेले असतील तर यादी एकानेच ठेवावी आणि बाकीच्यांना ॲपमधूनच वाटावी. चौघांनी वेगवेगळ्या भरल्या की तोच सारस चार वेळा मोजला जातो.

मला खटकतो तो ईबर्डवरचा पहिल्या शंभरांचा फलक. जिल्ह्यात कोणाच्या नावावर किती जाती, हे दिसू लागल्यापासून लोक ठरलेल्या तीन-चार जागी गर्दी करतात आणि नवी जात मिळाली की गाडी वळवतात. पऱ्हाटीचं वावर, गावठाणाची आखर, एसटी स्टँडमागचं डबकं यांच्या याद्या कोणी ठेवत नाही. नीळकंठ देशात झपाट्याने कमी होतोय हे २०२३ च्या राष्ट्रीय पक्षी अहवालात दिसलं, ते अशा साध्या जागांच्या याद्या वर्षानुवर्षं साठल्यामुळे. त्या अहवालात ९४२ जाती तपासल्या आहेत आणि त्याचा पाया ईबर्डवरच्या नोंदी हाच आहे. दसऱ्याला नीळकंठ बघायला धुऱ्यावर जाणारा माणूस त्याच दिवशी पंधरा मिनिटांची यादी करील तर ती फलकावर कुठेच चमकणार नाही, पण कामाची ठरेल.

घरट्यांच्या बाबतीत मात्र ॲपवर विसंबू नका. धोक्यातल्या काही जातींची नेमकी जागा ईबर्ड लोकांना दाखवत नाही, पण ही सोय सगळ्या पक्ष्यांना लागू नाही. बांधीत सारसाचं घरटं दिसलं तर ती यादी लपवण्याची सोय वापरा किंवा खूण घरट्यावर न ठेवता गावावर ठेवा. ग्रुपवर लोकेशन टाकलं की रविवारी तिथे गाड्या लागतात, धुरे तुटतात, शेतकऱ्याचा धान तुडवला जातो. मग पुढच्या वर्षी तो घरट्याजवळ कोणालाही येऊ देत नाही आणि त्यात त्याची काही चूक नसते.

फोनबद्दल थोडं. बॅटरी वाचवण्याची सेटिंग पडदा बंद होताच ईबर्डचा मार्ग तोडते. ॲपसाठी ती बंद करा. मग बॅटरी पटापट उतरते, म्हणून पॉवर बँक हवी. मर्लिनची रेकॉर्डिंग फोनची जागा खातात, महिन्यातून एकदा झाडून काढा. चांगली असतील ती ईबर्डच्या संकेतस्थळावर यादीला जोडा.

ईबर्डला पाचपैकी साडेचार, मर्लिनला साडेतीन. नव्या माणसाला मर्लिन देताना एक अट घाला. पहिली दहा मिनिटं फोन खिशात, पक्षी दुर्बिणीत. आकार साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, शेपटी हलते का, हे वहीत लिहून झालं की मग ॲप उघडायचं.